विश्लेषण : लेबल सोडलं, अल्बमही गाजला, पण ‘स्वतंत्र’ असणं परवडतं कोणाला?

अमेरिकेतल्या ‘क्लिप्स’ या रॅप जोडीचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ हा अल्बम ११ जुलै २०२५ रोजी आला. तब्बल १६ वर्षांनी आलेला हा त्यांचा अल्बम. पण चर्चा फक्त पुनरागमनाची झाली नाही. एका गाण्यातल्या एका पाहुण्या रॅपरच्या कडव्यावरून या जोडीचं आणि त्यांच्या लेबलचं बिनसलं. कडवं सौम्य करण्याऐवजी जोडीने लेबलच सोडलं आणि सुटका करून घेण्यासाठी खिशातून मोठी रक्कम मोजली. पुढे त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं.

बलाढ्य कंपनीला दोन भावांनी नमवलं, अशी ही गोष्ट सांगितली गेली. ती ऐकायला चांगली आहे, पण पूर्ण नाही. लेबल गेलं म्हणून लेबलची कामं संपत नाहीत. गाणी जगभर पोहोचवायची, परवानग्या मिळवायच्या, दौरे आखायचे, बातम्यांत राहायचं; हे सगळं कोणाला तरी करावंच लागतं आणि त्याचे पैसेही कोणाला तरी द्यावे लागतात. ही जोडी ते कसं करू शकली आणि इतरांना ते जमेल का, हे समजून घेऊ या.

क्लिप्स म्हणजे कोण?

मराठी श्रोत्यांना जोडी म्हटलं की संगीतकारांच्या जोड्या आठवतात. क्लिप्स ही मात्र रॅप करणाऱ्या दोन सख्ख्या भावांची जोडी आहे. थोरला जीन थॉर्नटन म्हणजे ‘मॅलिस’ आणि धाकटा टेरेन्स थॉर्नटन म्हणजे ‘पुशा टी’. दोघं व्हर्जिनिया बीच या शहरातून पुढे आले. त्यांचा सुरुवातीपासूनचा साथीदार म्हणजे संगीतकार फॅरेल विल्यम्स.

लेबलशी झगडा त्यांना नवा नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘इलेक्ट्रा’ या लेबलसाठी त्यांनी पहिला अल्बम तयार केला, पण तो तेव्हा बाजारात आलाच नाही. २००२ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून आलेल्या ‘लॉर्ड विलिन’ने आणि त्यातल्या ‘ग्राइंडिन’ या गाण्याने त्यांना नाव मिळवून दिलं. मग कंपन्यांच्या विलीनीकरणात त्यांचा करार एका लेबलकडून दुसऱ्याकडे गेला आणि पुढचा अल्बम रखडला. प्रकरण कोर्टात गेलं. तो अल्बम, ‘हेल हॅथ नो फ्युरी’, यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात श्रोत्यांनी विसरू नये म्हणून त्यांनी लेबलला बाजूला ठेवून मिक्सटेप काढल्या, म्हणजे विक्रीपेक्षा नाव टिकवण्यासाठी केलेले गाण्यांचे संच.

२००९ नंतर जोडी थांबली. मॅलिस धर्माकडे वळला आणि त्याने नावही ‘नो मॅलिस’ असं बदललं. पुशा टी एकट्याने गात राहिला आणि काही वर्षं ‘गुड म्युझिक’ या लेबलचा अध्यक्षही होता. त्यामुळे करार कसे लिहिले जातात, हे त्याने टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

वाद नेमका कशावरून झाला?

नवा अल्बम ‘डेफ जॅम’ या प्रसिद्ध हिप-हॉप लेबलकडून येणार होता. डेफ जॅमची मालकी ‘युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप’कडे आहे. युनिव्हर्सल ही जगातली सर्वांत मोठी संगीत कंपनी. अल्बममधल्या ‘चेन्स अँड व्हिप्स’ या गाण्यात केंड्रिक लमारचं एक कडवं आहे.

केंड्रिक आणि ड्रेक या दोन रॅपरमधलं गाण्यांचं युद्ध २०२४ मध्ये शिगेला पोहोचलं होतं. दोघांचीही गाणी युनिव्हर्सलच्याच छत्राखाली येतात. केंड्रिकच्या ‘नॉट लाइक अस’ या गाण्यामुळे आपली बदनामी झाली, असा आरोप करत ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये थेट युनिव्हर्सलवरच खटला भरला. (ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.)

पुशा टीने ‘जीक्यू’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की, केंड्रिकचं कडवं सौम्य करा, असं लेबलने सुचवलं आणि ते होत नाही म्हटल्यावर गाणंच काढून टाका, असा आग्रह धरला. जोडीने नकार दिला. त्यानंतर करारातून बाहेर पडण्यासाठी लेबलला दहा लाख डॉलरच्या वरची रक्कम दिल्याचं त्यांचे मॅनेजर स्टीव्हन व्हिक्टर यांनी सांगितलं. हा तपशील कलाकारांच्या बाजूने आलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं. अल्बम मात्र डेफ जॅमकडून आला नाही. तो ‘रॉक नेशन’च्या वितरण विभागामार्फत आला. रॉक नेशन ही रॅपर जे-झीची कंपनी. हाच जे-झी २००० च्या दशकात काही वर्षं डेफ जॅमचा अध्यक्ष होता.

लेबल आणि वितरक यांत फरक काय?

वरवर पाहता एक कंपनी सोडून दुसरी धरली, असं वाटेल. फरक करारात आहे.

लेबल साधारणपणे चार कामं करतं. अल्बम बनवायला आगाऊ रक्कम देतं. तो दुकानांत आणि अ‍ॅपवर पोहोचवतं. त्याची जाहिरात करतं. आणि कायदेशीर बाबी सांभाळतं. बदल्यात ध्वनिमुद्रणाची, म्हणजे ‘मास्टर’ची मालकी बहुतेक वेळा लेबलकडे जाते. आगाऊ दिलेली रक्कम हे बक्षीस नसतं. कलाकाराच्या वाट्याच्या रॉयल्टीतून ती आधी वळती होते. ती फिटेपर्यंत गाणं गाजत असलं तरी कलाकाराच्या हातात रॉयल्टीचा पैसा पडत नाही. आणि पैसा लेबलचा असल्यामुळे काय ठेवायचं, काय गाळायचं, कधी आणायचं, यात शेवटचा शब्दही अनेकदा त्याचाच असतो.

वितरक यातलं मुख्यतः एकच काम करतो. तयार अल्बम स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब आणि दुकानांपर्यंत पोहोचवतो आणि आलेले पैसे कलाकाराला देतो. त्यासाठी तो ठरावीक शुल्क किंवा कमाईतला हिस्सा घेतो. मालकी सहसा कलाकाराकडे राहते. मोठे वितरक जाहिरातीची मदतही देऊ करतात, पण तिचा मोबदला वेगळा असतो.

क्लिप्सने रक्कम मोजून जे विकत घेतलं, ते हेच : शेवटचा शब्द.

मग प्रमोशन कसं झालं?

पहिलं गाणं ‘एस ट्रम्पेट्स’ मे २०२५ च्या अखेरीस आलं. जूनमध्ये जीक्यूची मुलाखत आली आणि लेबलबरोबरचा वादच बातमीचा विषय झाला. त्याच महिन्यात आलेल्या ‘सो बी इट’ या गाण्यात पुशा टीने रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटवर निशाणा साधला. पुढचे काही दिवस समाजमाध्यमांवर तीच चर्चा. एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ मैफलीतही ही जोडी दिसली. अल्बमनंतर ऑगस्टपासून अमेरिकेत दौरा सुरू झाला. सप्टेंबरमध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकातल्या मोठ्या कार्यक्रमात त्यांनी आई-वडिलांच्या आठवणीत लिहिलेलं ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’ हे गाणं जॉन लेजंडसोबत सादर केलं.

यात जाहिरातीच्या फलकांपेक्षा संभाषणावर भर होता. प्रत्येक टप्प्याला लोकांनी बोलावं असं काही तरी होतं. आज रोज हजारो नवी गाणी अ‍ॅपवर येत असताना, अल्बम म्हणजे एका दिवशी विकायला ठेवलेली वस्तू उरलेली नाही. तो काही महिन्यांचा कार्यक्रम असतो.

पण या यादीत एक अडचणही दडलेली आहे. ‘सो बी इट’मध्ये सौदी गायक तलाल मद्दाह यांच्या जुन्या गाण्याचा तुकडा, म्हणजे ‘सँपल’, वापरलेला आहे. त्याची परवानगी वेळेत न मिळाल्याने हे गाणं सुरुवातीला फक्त यूट्यूबवर व्हिडिओच्या रूपात आलं. परवानगी मिळाल्यावर ते अल्बममध्ये आलं. सँपलच्या परवानग्यांचा पाठपुरावा, मग ती लेबलची कायदेशीर टीम करो वा कलाकाराचा वकील, वेळ आणि पैसा दोन्ही खातो. लेबल नसेल तर ते बिल थेट कलाकाराकडे येतं.

अल्बम किती चालला?

‘बिलबोर्ड २००’ या अमेरिकेतल्या अल्बमच्या क्रमवारीत तो पहिल्याच आठवड्यात चौथ्या क्रमांकावर आला. आकडा होता १,१८,००० ‘युनिट्स’. याचा अर्थ तेवढ्या प्रती विकल्या गेल्या असा नाही. तेव्हाच्या नियमानुसार पूर्ण अल्बमची एक विक्री, किंवा सुट्या १० गाण्यांची विक्री, किंवा पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी गाणी १,२५० वेळा ऐकणं म्हणजे एक युनिट. जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांचं ३,७५० वेळा ऐकणं म्हणजे एक युनिट.

ग्रॅमीसाठी या अल्बमला पाच नामांकनं मिळाली. त्यात ‘अल्बम ऑफ द इयर’चाही समावेश होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये ‘बेस्ट रॅप परफॉर्मन्स’चा पुरस्कार मिळाला तो ‘चेन्स अँड व्हिप्स’ला, म्हणजे ज्या कडव्यावरून लेबल सुटलं, त्याच गाण्याला.

प्रत्येक जोडीला हे जमेल का?

इथे गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते. क्लिप्सकडे लेबल नव्हतं, पण बाकी बरंच होतं. २० वर्षांहून अधिक काळ जमवलेला श्रोतावर्ग होता आणि तो जमवताना वेगवेगळ्या लेबलांचा पैसाही लागला होता. संपूर्ण अल्बमचं संगीत करणारा फॅरेल हा ‘लुई व्हितॉं’ या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पुरुष विभागाचा क्रिएटिव्ह डायरेक्टर आहे. अल्बमचं ध्वनिमुद्रण पॅरिसमध्ये त्या कंपनीच्या मुख्यालयातही झालं. आणि सुटकेसाठी लागणारी रक्कम उभी करण्याची ऐपत होती.

ज्यांच्याकडे यातलं काही नाही, त्यांचं काय होतं, याचा एक दुर्मीळ हिशेब उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियातली ‘पॉम्पलमूस’ ही जॅक काँटे आणि नॅटली डॉन यांची जोडी यूट्यूबमुळे प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये त्यांनी २८ दिवसांत २४ कार्यक्रमांचा दौरा केला. त्यानंतर काँटे यांनी दौऱ्याचा जमाखर्च जाहीर केला.

जमा अशी होती :
• तिकीटविक्री : ९७,५१९ डॉलर
• टी-शर्ट, सीडी वगैरेंची विक्री : २९,७१४ डॉलर
• प्रायोजकाकडून : ८,७५० डॉलर
• एकूण : १,३५,९८३ डॉलर

आणि खर्च असा :
• वादक आणि तंत्रज्ञांचं मानधन व भत्ते : ४८,०९४ डॉलर
• प्रकाशयोजना, साहित्य आणि निर्मिती : २६,४५० डॉलर
• विक्रीच्या वस्तू, प्रसिद्धी, टपाल : २१,९४५ डॉलर
• राहणं आणि जेवण : १७,५८९ डॉलर
• एजंट, मॅनेजर, वकील यांचा वाटा : १६,४६३ डॉलर
• इंधन, विमानभाडं, टोल, पार्किंग : ११,८१६ डॉलर
• विमा : ५,४४५ डॉलर
• एकूण : १,४७,८०२ डॉलर

तोटा ११,८१९ डॉलरचा. कार्यक्रमांना गर्दी असूनही. साध्या दिव्यांवर आणि दोघांतच कार्यक्रम केला असता तर पैसे वाचले असते, अशी टीका तेव्हा झाली. काँटे यांचं म्हणणं होतं की, कार्यक्रम चांगला झाला तरच लोक पुढच्या वेळी येतील, म्हणून हा खर्च म्हणजे गुंतवणूक आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मुद्दा असा की, असा तोटा पूर्वी अनेकदा लेबल सोसायचं आणि पुढच्या कमाईतून वळता करायचं. इथे तो थेट दोघांच्या खिशातून गेला.

याच काँटे यांनी २०१३ मध्ये सॅम याम यांच्यासोबत ‘पेट्रिऑन’ सुरू केलं होतं. चाहत्यांनी आवडत्या कलाकाराला नियमित थोडे थोडे पैसे द्यावेत, अशी ती व्यवस्था. फक्त गाणी ऐकली जाण्यातून घर चालत नाही, हे ओळखून काढलेला तो मार्ग होता.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो आणखी एका जोडीने दाखवला. सिअ‍ॅटलचे मॅकलमोर आणि रायन लुईस यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘द हाइस्ट’ हा अल्बम स्वतः काढला. पहिल्या आठवड्यात ७८,००० प्रती विकल्या गेल्या आणि तो बिलबोर्ड २०० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढे ‘थ्रिफ्ट शॉप’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. मोठ्या लेबलशिवाय असं होण्याची १९९४ नंतरची ती पहिलीच वेळ असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

मात्र त्यांनी ‘वॉर्नर’ समूहाच्या ‘एडीए’ या वितरण कंपनीची मदत घेतली होती. मोठ्या शहरांतल्या रेडिओ केंद्रांवर गाणं वाजावं, हे काम दोघांनी घरी बसून करण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी ते पैसे देऊन करून घेतलं, पण मास्टरची मालकी सोडली नाही. घर स्वतःचं ठेवून रंगकाम करणारे बोलवावेत, तसा हा व्यवहार.

वितरक तरी कितपत स्वतंत्र आहेत?

हा प्रश्न येत्या काळात जास्त महत्त्वाचा ठरणार आहे. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांनी स्वतंत्र कलाकारांना सेवा देणाऱ्या कंपन्या आधीच आपल्याकडे घेतल्या आहेत. ‘द ऑर्चर्ड’ आणि ‘अवल’ सोनीच्या, एडीए वॉर्नरची, ‘व्हर्जिन म्युझिक ग्रुप’ युनिव्हर्सलचा. लहान कलाकारांमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘सीडी बेबी’ची मालक कंपनी ‘डाउनटाउन’ ७७.५ कोटी डॉलरना घेण्याचा करार युनिव्हर्सलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. स्पर्धेवर परिणाम होईल का, हे पाहण्यासाठी युरोपीय आयोगाने २०२५ मध्ये या व्यवहाराची सखोल चौकशी सुरू केली.

म्हणजे लेबलचा दरवाजा सोडून शेजारच्या दरवाजाने बाहेर पडावं, तर तोही त्याच मालकाचा निघावा, अशी शक्यता आहे. मास्टर कलाकाराकडे राहील, पण कोणती गाणी किती ऐकली जातात याची माहिती आणि पैशाची वाट बड्या कंपनीच्या हातात असेल.

भारतातल्या कलाकारांनी यातून काय घ्यावं?

पुण्यात किंवा नाशिकमध्ये घरच्या खोलीत अल्बम करणाऱ्या जोडीलाही आज डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर किंवा सीडी बेबीसारख्या सेवांमधून जगभर गाणं पोहोचवता येतं. गाणं पोहोचवणं स्वस्त झालं आहे. ते ऐकलं जाणं मात्र पूर्वीइतकंच महाग आहे. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की, आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. हा नियम भारतातल्या कलाकारांनाही लागू आहे.

सही करण्याआधी दोन हक्क वेगळे ओळखायला हवेत. एक मास्टरचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा. दुसरा रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. भारतात २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बराच सुरक्षित केला आहे. तो कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्याचं काम ‘आयपीआरएस’ ही संस्था करते आणि तिथे नोंदणी करावी लागते. मास्टरचं मात्र तसं नाही. तो करारात जाऊ शकतो आणि गेला की परत मिळवायला किती मोजावं लागू शकतं, याचा अंदाज क्लिप्सच्या उदाहरणावरून येतो.

निष्कर्ष काय?

तीन जोड्या, तीन हिशेब. क्लिप्सने स्वातंत्र्य विकत घेतलं, कारण त्यांना ते परवडलं. मॅकलमोर आणि रायन लुईस यांनी मालकी राखली आणि हवी ती कामं पैसे देऊन करून घेतली. पॉम्पलमूसने सगळं स्वतः केलं आणि तोटा सोसून चाहत्यांच्या आधाराचा रस्ता धरला.

म्हणून ‘हा कलाकार स्वतंत्र आहे का?’ यापेक्षा तीन साधे प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत. मास्टर कोणाच्या नावावर आहे? गाणं गाळायचं की ठेवायचं, हे कोण ठरवतं? आणि दौरा तोट्यात गेला तर पैसे कोणाचे बुडतात? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘आमच्याकडे’ असं हवं असेल, तर तिसऱ्याचं उत्तरही सहसा तेच असतं. नवा अल्बम घेऊन निघालेल्या जोडीने हे तिसरं उत्तर आधी कागदावर मांडून पाहिलेलं बरं.